डाव्या पायापुरती मंजुरी

प्रेमराजने थीम पार्कचे दोन्ही दिवस स्वतःच्या पायांनी पूर्ण केले. त्यातला दुसरा दिवस त्याने सासूबाईंच्या जांभळ्या, वर कापडी फूल असलेल्या चपलांमध्ये काढला.

असं काहीही घडलेलं नाही. अमळनेरात आजही कोणी विषय काढला तर प्रेमराज आधी विचारणाऱ्याकडे बघतो, मग आभाळाकडे बघतो आणि यंदा कापसाला काय भाव निघेल यावर बोलायला लागतो. ज्या माणसाच्या दारात साधी तुळस जगत नाही, तो कापसावर इतका वेळ बोलतो म्हणजे चपलांचा विषय किती खोटा असेल, हे सुज्ञांनी ओळखावं.

तर जे घडलेलं नाही, ते पुढीलप्रमाणे.

प्रेमराजची सासुरवाडी धुळ्याची. तिथल्या बैठकीच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. त्यात पितळी गणपती, मेहुण्याचा कबड्डीचा कप, एक न चालणारं घड्याळ आणि या सगळ्यांच्या पुढे, मान न वळवता दिसेल असा, प्रेमराजचा फोटो. फोटोत प्रेमराज अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये डोलीत बसलाय. चार माणसांनी त्याला खांद्यावर उचललंय. शेजारून त्याचे सासरे धनसिंग नाना चालतायत. नानांनी सत्तरी ओलांडलीय. प्रेमराज बत्तिशीचा. नानांच्या हातात प्रेमराजचे लग्नातले बूट आहेत, ज्यांनी त्या दिवशी पहिल्याच लेण्यात त्याच्या टाचा सोलून काढल्या होत्या.

घरात येणारा प्रत्येक माणूस फोटो बघायचा आणि विचारायचा, "कोनी वरात शे नाना?"

नाना म्हणायचे, "वरात नही. जवाई शे. चालता येत नही त्याले."

असं सगळं असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत सासरच्या मंडळींनी घाटाखालच्या एका मोठ्या थीम पार्कला जायचं ठरवलं. दोन दिवसांचा पास होता. दिवसभर चालायचं, रांगेत उभं राहायचं, पुन्हा चालायचं आणि या सगळ्याला मौज म्हणायचं, असा एकंदर बेत. फोनवर नानांनी जावयाला सरळ आव्हान दिलं.

"पाव्हना, दोन दिन सोताना पायवर चाला. फोटो उतारी टाकसू."

"शब्द?"

"धनसिंगना शब्द शे."

प्रेमराजने फोन ठेवला आणि बायकोला, ऋतिकाला, सांगितलं की मला बूट घ्यायचेत. ऋतिका म्हणाली, "घ्या की." तिला वाटलं, हे काम संध्याकाळपर्यंत होईल.

अमळनेरात माणूस बूट घेतो तेव्हा तो एकटा घेत नाही. शेजारचे बन्सीलालभाऊ वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्य गेल्याने जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते स्फोट होईल का, याच दृष्टीने बघतात.

"लोखंडी टोपीचा बूट घे," ते म्हणाले. "पायावर काहीही पडू दे, बोटं शाबूत."

"भाऊ, तिथं पायावर काय पडणार? मी पाळण्यात बसायला चाललोय."

"पाळणा पडला तर?"

प्रेमराजने नकळत आभाळाकडे पाहिलं. बन्सीलालभाऊंशी बोलताना सगळेच पाहतात. तेवढ्यात त्यांच्या पत्नी वच्छलाबाई ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या की बूट कुठलाही घे, पण तो आधी घरात, ऑफिसात, बाजारात घालून घालून मऊ कर. "नवा जोडा आन् नवी सून, पहिला महिना दोघंबी चावतात." घरात सून असताना त्या हे एवढ्या मोठ्याने बोलल्या, यावरून सल्ला अनुभवाचा असावा.

प्रेमराज जळगावला गेला. फुले मार्केटात एका दुकानात पाय मोजायचं यंत्र आलंय असं त्याला कळलं होतं. आपण शास्त्रीय पद्धतीने बूट घेणार, या कल्पनेने तो बसमध्येच थोडा सुशिक्षित दिसायला लागला. यंत्रावर उभं राहिल्यावर पडद्यावर दोन पावलं उमटली. लाल, पिवळी, भेंडीसारखी लांब. विक्रेत्याने पडद्याकडे बघून सुतकी चेहरा केला.

"साहेब, तुमच्या तळपायांच्या कमानी पडल्यात."

"कधी?"

"जन्मतःच असतील."

इतकी वर्षं आपण दोन पडक्या कमानींवर उभे होतो आणि नगरपालिकेने नोटीससुद्धा दिली नाही, याचं प्रेमराजला वाईट वाटलं. विक्रेत्याने मग पांढरे, जाडजूड, आतून गादीसारखे बूट काढले. या गादीला म्हणे स्मरणशक्ती होती. पायाचा आकार ती लक्षात ठेवायची. प्रेमराजने ते घातले, दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे बूट नव्हते, आजोळ होतं. फक्त विक्रेत्याने बजावलं की रोज घाला, गादीला तुमची ओळख पटू द्या.

प्रेमराज एका कॉलेजच्या ऑफिसात लिपिक आहे. दुसऱ्या दिवशी तो पांढरे बूट घालून कामावर गेला. मुख्य लिपिक रुपचंद साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून आधी बुटांकडे आणि मग प्रेमराजकडे पाहिलं. त्या क्रमावरून गांभीर्य कळलं.

"हे काय?"

"बूट, साहेब."

"ते दिसतंय. कर्मचाऱ्यांनी काळी किंवा तपकिरी पादत्राणं घालावीत असं परिपत्रक आहे. तुम्हीच टाइप केलंय."

हे खरं होतं. प्रेमराजने आयुष्यात जी काही मोजकी कामं वेळेत केली, त्यातलं ते एक.

"साहेब, माझ्या कमानी पडल्यात."

"मग सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र आणा."

सरकारी दवाखान्यात प्रेमराज सकाळभर रांगेत उभा राहिला, तोही काळ्या चामडी बुटांत, कारण मऊ बूट घालून गेलं तर दुखणं खोटं वाटेल असं बन्सीलालभाऊंचं मत पडलं होतं. डॉक्टरांनी डावा पाय हातात घेतला, उलटा केला, अंगठा हलवला आणि लिहिलं. उजवा पाय हातात घेणार, एवढ्यात चहा आला. चहा आणि पाय एकाच वेळी हातात घेऊ नयेत एवढी स्वच्छता तो दवाखाना पाळतो. चहा संपला तेव्हा पुढचा रुग्ण आत आला होता आणि प्रेमराज बाहेर.

रुपचंद साहेबांनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं. "यात डावा पाय सपाट लिहिलाय. उजव्याचं काय?"

"तोही तसाच आहे साहेब. दोन्ही पाय एकाच माणसाचे आहेत."

"असं तुम्ही म्हणता. कागद म्हणत नाही."

दुपारी लेखी आदेश निघाला. श्री. प्रेमराज यांना डाव्या पायापुरते मऊ पादत्राण वापरण्यास मंजुरी देण्यात येत आहे. उजव्या पायाबाबत प्रचलित नियम लागू राहतील. आदेशाची जावक नोंदही प्रेमराजनेच केली. नोकरी ही अशी असते. स्वतःच्या गळ्याचं माप स्वतःच टाइप करायचं आणि खाली 'आपला विश्वासू' लिहायचं.

त्यानंतर सुट्टी लागेपर्यंत प्रेमराज डाव्या पायात पांढरा, गादीचा बूट आणि उजव्या पायात काळा, टाचेचा बूट घालून कामावर गेला. चालताना तो एका बाजूला उंच व्हायचा आणि दुसऱ्या बाजूला समाधानी. विद्यार्थ्यांना वाटलं, नवीन फॅशन आहे. दोघांनी सुरूही केली. संध्याकाळी तो दोन्ही पांढरे बूट घालून मैदानावर फेऱ्या मारायला निघायचा, पण कोणीतरी आदेशाबद्दल विचारायला थांबवायचंच, आणि खुलासा करता करता अंधार पडायचा. परिणामी डावा बूट मळला, सैलावला, मायेने पिवळा पडला. उजवा मात्र दुकानातून आत्ताच काढल्यासारखा कोरा. डाव्या गादीला प्रेमराजची सगळी हकिगत पाठ, आणि उजवीला तो कोण, हेही माहीत नाही.

"डावा तर डावा," ऋतिका म्हणाली. "निम्मा जावई तरी चालेल."

आता यात अधिक महिना शिरला. तीन वर्षांनी एकदा हा जादा महिना पंचांगात येतो आणि त्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू असं मानतात. इतर वेळी त्याला डोलीतला म्हणतात ते निराळं. निघायच्या आदल्या दिवशी धुळ्याला धोंड्याचं जेवण ठरलं. प्रेमराज पांढरे बूट घालून गेला, ते दाराबाहेर काढले आणि पाटावर बसला. सुनंदाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ताटात त्याचे पाय धुतले. नानांनी पाणी ओतलं. ओतता ओतता पायांकडे निरखून बघत म्हणाले, "दिसतंस ते बराबर." पुरणाचे धोंडे झाले, खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला. विष्णूला ढेकर आला. मग सुनंदाबाईंनी लाल कागदातलं वाण त्याच्या पुढ्यात ठेवलं. टोपी, शर्टपीस, चांदीची दोन निरांजनं आणि एक खोका.

खोक्यात बूट होते. तपकिरी, चकचकीत, पुढून लिंबाच्या फोडीसारखे निमुळते.

"अजिंठ्याले हाल झाले ना तुमचे," सुनंदाबाई प्रेमाने म्हणाल्या. "मी यास्ले म्हटलं, या खेपेला जोडाच देऊ."

माप कसं घेतलं, ते मेहुण्याने, भूपेंद्रने, अभिमानाने सांगितलं. अक्षय तृतीयेला नाना अमळनेरला आले होते, तेव्हा त्यांनी प्रेमराजच्या चपलेवर सुतळी धरून गाठ मारून आणली होती. शेतकरी माणूस, बांधही सुतळीने मोजतो. सुतळी धुळ्यात आल्यावर मात्र सुनंदाबाईंना पापडाची पुडी बांधायला थोडी सुतळी हवी होती. त्यांनी थोडीच तोडली. उरलेली घेऊन भूपेंद्र पूर्ण आत्मविश्वासाने दुकानात गेला.

"बसताहेत ना जिजू?"

प्रेमराजची टाच बाहेर होती. त्याने पुरणाच्या जोरावर ती आत ढकलली. आतून बोटांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

"एकदम," प्रेमराज म्हणाला. आवाज थोडा बारीक आला.

त्याचा हिशेब साधा होता. आत्ता हो म्हणायचं आणि उद्या आपले पांढरे घालायचे. तो उठून दाराबाहेर गेला. बाहेर पांढरे नव्हते.

"ते जोडे?" सुनंदाबाई म्हणाल्या. "ते तर भांडेवालीला दिले मी. सकाळपासून दारात बसली होती जुन्या साड्यांसाठी. मी पाहिलं तं एक जोडा जुनापाना, एक कोरा. म्हटलं, बिचारे जावईबापू, घालायला धड एक जोडसुद्धा नाही, कुठला डावा कुठल्या उजव्याला लावून आले. आन् नवा जोडा घरात आला की जुना उंबऱ्याबाहेर जायलाच पायजे." भांडेवाली सहसा जोडे घेत नाही, पण कोरा उजवा पाहून ती विरघळली होती. तीन साड्या आणि दोन बूट यांच्या बदल्यात एक झाकणाचा स्टीलचा डबा मिळाला होता. त्यातच सुनंदाबाईंनी प्रवासाच्या दशम्या भरल्या होत्या. म्हणजे प्रेमराजचे बूट थीम पार्कला आलेच. फक्त पायात नव्हते.

"दुसरे घेऊ आत्ता बाजारातून," प्रेमराज ऋतिकाच्या कानात म्हणाला.

"वाण काढून दुसरे घातले तर आईला वाईट वाटेल," ऋतिका म्हणाली. "आणि पाय आत्ताच हरले म्हणून नानांना आनंद होईल. बघा."

प्रेमराजने नानांकडे पाहिलं. नाना कपाटाच्या काचेवरची धूळ पुसत होते. आतून नाही, बाहेरून. फोटो नीट दिसावा म्हणून.

क्रूझर गाडी पहाटे निघाली आणि मंडळी पार्कच्या दारात उतरली. समोर किल्ले, कारंजी, चड्डीतले अजस्र प्राणी आणि या सगळ्यांना जोडणारे लांबच लांब, गुळगुळीत, सावली नसलेले रस्ते. नानांनी पायातल्या टायरच्या सोलाच्या वहाणा आपटल्या आणि शेतात नांगर धरावा तसे चालू लागले. प्रेमराज मागे. पहिल्या वळणावर त्याला डाव्या करंगळीचं अस्तित्व जाणवलं. दुसऱ्या वळणावर तिचं अस्तित्व संपलं. पहिल्या बाकावर तो बूट बांधायच्या निमित्ताने बसला. त्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

"काय शे पाव्हना?"

"काही नाही नाना. कारंजं बघतोय."

"कारंजं मांगे शे."

अशा रीतीने कारंजी, झाडं, कचऱ्याच्या पेट्या यांचं सौंदर्य बारकाईने न्याहाळत प्रेमराज दुपारपर्यंत पोचला. आणि तिथे त्याला तो पाळणा दिसला.

पाळणा कसला, रुळांचा गुंता. माणसं त्यात उलटी लटकत, तंगड्या हवेत सोडून किंचाळत जात होती. प्रेमराज एरवी माळ्यावर चढायलाही बायकोला खाली शिडी धरायला लावतो. पण दारावर पाटी होती: पाय लोंबकळत असल्याने पादत्राणे काढून खणात ठेवावीत.

पादत्राणे काढून.

प्रेमराज रांगेत घुसला. रांगेत छप्पर होतं, पंखा होता आणि शेवटी बूट काढायची परवानगी होती, तीही दोन्ही पायांना. पाळणा निघाला. तो वर गेला, उलटा झाला, दोनदा पिळला. शेजारचा माणूस आईला हाका मारत होता. प्रेमराज डोळे मिटून दहाही बोटं वाऱ्यात हलवत होता. इतकं सुख त्याला लग्नात झालं नव्हतं. तिथेही बूट होते.

खाली उतरला आणि बूट घालावे लागतील हे लक्षात येताच तो पुन्हा रांगेत उभा राहिला. मग पुन्हा. मग आणखी एकदा. खाली बाकावर बसलेली मंडळी तोंडात बोटं घालून बघत होती. भूपेंद्र एकदाच बसून आला होता आणि आता लिंबूसरबताच्या ग्लासाकडेही बघू शकत नव्हता.

"बठ्ठा थकी गयात," नाना त्याला म्हणाले, "पाव्हना थकनाच नही! डेरिंगबाज शे रे मानूस!"

हे वाक्य प्रेमराजने वर जाताना ऐकलं. सासऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच स्वतःविषयी एक बरा शब्द ऐकून त्याला भरून आलं, आणि तेवढ्यात जग उलटं झालं.

घोळ शेवटच्या फेरीनंतर झाला. दिवसभर तापलेले, मोकळे सुटलेले पाय फुगून बसले होते. बूट चढेनात. प्रेमराजने ओढलं. रांगेतल्या दोन अनोळखी माणसांनी ढकललं. पार्कच्या कर्मचाऱ्याने शिट्टी वाजवली. चढेनात ते चढेनातच. समोरच्या दुकानात मुखवटे होते, कान लावलेल्या टोप्या होत्या, दिवे लागणारे पेले होते. पायात घालण्यासारखं काही नव्हतं; या पार्कात माणसाला फक्त डोकं असतं असा त्यांचा समज असावा. फरशी तव्यासारखी तापलेली. आणि बाकावरून नाना उठून त्याच्याच दिशेने येत होते. त्यांच्या पलीकडे, एका झाडाखाली, दमलेल्या लोकांना भाड्याने द्यायच्या ढकलखुर्च्या ओळीने उभ्या होत्या.

प्रेमराजने त्या खुर्च्या पाहिल्या. खुर्च्यांनीही त्याला ओळखलं असावं.

नाना पोचायच्या आत सुनंदाबाई पोचल्या. बूट हातात, पाय हवेत, असा जावई त्यांनी पाहिला आणि एका क्षणात सगळं त्यांच्या लक्षात आलं. सुतळीसकट. त्यांनी तिथेच पायातल्या चपला काढल्या आणि प्रेमराजच्या पुढ्यात सरकवल्या. जांभळ्या, स्पंजासारख्या, गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या. वर कापडी फूल होतं.

"आई, नको. बायकांच्या आहेत."

"चप्पलले काय समजस, पाय कोना शे ते? घाला. माझी दुसरी जोड पिशवीत असते."

प्रेमराजने पाय टाकला आणि थांबला. टाच बसली. बोटं मोकळी झाली. पडक्या कमानींखाली कोणीतरी हळूच हात दिला. जळगावच्या यंत्राला, सरकारी दवाखान्याला आणि मुख्य लिपिकाला जे जमलं नव्हतं, ते सासूबाईंच्या फुलाने करून दाखवलं. दोन्ही पायांना.

तो चालला. त्या संध्याकाळी चालला, दुसऱ्या दिवशी सकाळपासून रात्रीच्या मिरवणुकीपर्यंत चालला. फूल पुढे, प्रेमराज मागे. रांगेतली मुलं वळून बघायची. एका बाईने ऋतिकाला थांबवून विचारलं, "यांच्या चपला कुठून घेतल्या हो, रंग छान आहे." शेवटच्या दिवशी संध्याकाळी नाना एका कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, जरा दम खाऊ. प्रेमराज त्यांच्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"थकलात नाना? खुर्ची आणू?"

नानांनी मान वर केली. जावयाकडे पाहिलं, मग चपलांकडे. मग खिशातून मोबाइल काढला.

धुळ्याला परतल्यावर नानांनी शब्द पाळला. सगळ्यांसमोर कपाट उघडलं, डोलीचा फोटो फ्रेममधून काढला, तो प्रेमराजच्या हातात दिला. प्रेमराजचा ऊर भरून आला. त्याने फोटो चार तुकड्यांत फाडला आणि दशम्यांच्या रिकाम्या डब्यात टाकून वर झाकण लावलं.

आठवडाभरात ऋतिकाच्या मोबाइलवर माहेरच्या कपाटाचा फोटो आला. गणपती होता, कप होता, बंद घड्याळ होतं. आणि सगळ्यांच्या पुढे त्याच फ्रेममध्ये प्रेमराज. कंबरेवर हात, चेहऱ्यावर विजय, पायात जांभळ्या चपला. आधीच्यापेक्षा मोठा छापलेला. फूल स्पष्ट.

प्रेमराजने तिथल्या तिथे फोन लावला. "नाना, शब्द दिला होता तुम्ही!"

"बात फोटोनी व्हती पाव्हना," नाना शांतपणे म्हणाले. "फ्रेमनी कोठे व्हती?"

मागून सुनंदाबाईंचा आवाज आला. जावईबापूंना सांगा, चपलेचा रंग खुलून दिसतो त्यांना; पुढच्या अधिकात त्याच रंगाचा सदरा देऊ, शिंप्याला आत्ताच सांगून ठेवते.

त्याच दुपारी प्रेमराजने ऑफिसात कागद घेतला. रुपचंद साहेब जेवायला गेले होते. त्याने योग्य समास सोडून, जावक क्रमांक टाकून, पुढील अर्ज टाइप केला:

प्रति, समस्त पंचांगकर्ते, महाराष्ट्र राज्य.

विषय: अधिक मास रद्द करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, चंद्र व सूर्य यांच्या वार्षिक हिशेबात पडणारा फरक भरून काढण्यासाठी दर तीन वर्षांनी एक जादा महिना लावण्यात येतो. सदर फरकास अर्जदार कोणत्याही प्रकारे जबाबदार नाही. सबब, यापुढील अधिक मास प्रशासकीय कारणास्तव रद्द करण्यात यावा. ते शक्य नसल्यास तो धुळे जिल्ह्याची हद्द वगळून पाळण्यात यावा. तेही शक्य नसल्यास चंद्राला आपला वेग वाढवण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी सूचना देण्यात याव्यात व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल अर्जदारास सात दिवसांच्या आत, घरच्या पत्त्यावर न पाठवता, कार्यालयाच्या पत्त्यावर पाठविण्यात यावा, ही विनंती.